शाहूवाडीच्या शिवारातील मनोली : रंग आणि ओळख

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता बांबवडे, मलकापूर ही गावे मागे टाकून आंबा घाटाच्या माथ्यावर येतो, तोवर निसर्गाची तीन रूपे प्रवाशाच्या नजरेखालून गेलेली असतात. प्रथम ऊस व भाताची शिवारे, मग गवताळ डोंगरउतार आणि जांभ्या दगडाचे उघडे सडे, आणि अखेर घाटमाथ्यावरील दाट जंगल. शाहूवाडी तालुक्याची ही वनसंपदा मोठ्या वन्यप्राण्यांमुळे सर्वपरिचित झाली आहे. चांदोली राष्ट्रीय उद्यानाचा काही भाग या तालुक्यात मोडतो. २०१० मध्ये चांदोली व कोयना ही क्षेत्रे मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आकारास आला. गवा रस्त्यावर आला की त्याची वार्ता गावोगाव होते. परंतु मुठीत सहज मावतील असे पक्षी शेकड्यांनी त्याच शिवारात वावरत असतात आणि त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

भात पिकू लागले की हे पक्षी थव्याने दिसू लागतात. बांधावरच्या गवतावर थवा उतरतो, काड्या त्यांच्या भाराने वाकतात, माणसाची चाहूल लागताच सारा थवा एकदम उडतो आणि थोड्या अंतरावर पुन्हा बसतो. त्या थव्यात कोणी तपकिरी, कोणी ठिपकेदार, कोणी काळ्या डोक्याचा, तर कोणी अगदी मातकट. हे सारे एकाच जातीचे की निरनिराळ्या जातींचे, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडतो. बोलीभाषेत या सर्वांची बोळवण ‘चिमणी’ या एकाच शब्दाने होते.

ही ओळख केवळ हौसेपुरती नाही. हेच पक्षी पकडून पिंजऱ्यात विकले जातात, आणि कित्येकदा रंगवूनही विकले जातात. कोणता रंग पक्ष्याचा आणि कोणता विक्रेत्याचा, हे ज्याला सांगता येत नाही त्याची फसवणूक होते आणि नकळत तो एका गुन्ह्यात भागीदारही होतो. म्हणून या पक्ष्यांचे रंग कसे व का बदलतात आणि रंगापलीकडे ओळखीची कोणती गमके आहेत, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

कुळे निराळी, चोच सारखी

इंग्रजीत ‘फिंच’ हा शब्द बराच सैल वापरला जातो. जाड, शंकूच्या आकाराच्या चोचीने दाणे सोलून खाणारा कोणताही लहान पक्षी त्या नावाखाली येतो. शास्त्रीयदृष्ट्या मात्र त्यात अनेक कुळे आहेत. मनोली अथवा मुनिया यांचे एक कुळ, सुगरणीचे दुसरे, घरचिमणी व रानचिमणी यांचे तिसरे, भारीट पक्ष्यांचे चौथे, आणि खऱ्या अर्थाने फिंच म्हणावे अशा चटक पक्ष्यांचे पाचवे. दाणे फोडण्याचे काम एकच असल्याने या सर्वांच्या चोचींना सारखा आकार आला. जवळचे नाते नसतानाही सारख्या कामामुळे सारखेपणा येतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. त्यामुळे नुसती चोच जाड आहे एवढ्यावरून कूळ ठरविता येत नाही.

लहानशा खुणेकडे बारकाईने पाहण्याचे महत्त्व किती, हे महाराष्ट्रातच घडलेल्या एका प्रसंगावरून कळते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईनजीक चेंबूर येथे एका शाळकरी मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीच्या चिमणीला तो नसतो, हे त्या मुलाच्या ध्यानी आले. त्याचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे धाडले. तेथील मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी तो पक्षी पीतकंठी रानचिमणी असल्याचे सांगितले आणि संस्थेतील पक्ष्यांचा संग्रह त्या मुलाला दाखविला. तो मुलगा म्हणजे पुढे जगद्विख्यात झालेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राचे नावही त्यांनी त्या चिमणीवरूनच ठेवले. गळ्यावरच्या एका डागाने एका जातीचीच नव्हे, तर एका शास्त्राची ओळख करून दिली, असे म्हणता येईल.

पाच मनोली

शाहूवाडी व आसपासच्या भागात मनोलींच्या पाच जाती पाहावयास मिळू शकतात. सर्वांची लांबी सुमारे दहा-अकरा सेंटिमीटर, म्हणजे घरचिमणीपेक्षा स्पष्टपणे लहान.

ठिपकेवाली मनोली ही त्यांतील सर्वांत परिचित. पाठ तपकिरी, गळा गडद विटकरी, आणि छाती व पोटावर पांढऱ्या-तपकिरी खवल्यांची नक्षी. भाताचे बांध, उंच गवत, गावालगतची झुडपे ही तिची नेहमीची ठिकाणे.

काळ्या डोक्याच्या मनोलीचे डोके व गळा काळाभोर, पाठ तांबूस विटकरी आणि पोटाच्या बाजू पांढऱ्या शुभ्र असतात. पोटाच्या मध्यभागी पुन्हा काळा पट्टा असतो. या तीन रंगांमुळे तिला तिरंगी मनोली असेही म्हणतात. पाणथळ जागा, लव्हाळे, नदीकाठचे उंच गवत व ऊस अशा ठिकाणी तिचा शोध घ्यावा.

पांढऱ्या पाठीची मनोली रंगाने गडद चॉकलेटी असून पोट मळकट पांढरे असते. कमरेवर पांढरा पट्टा आणि शेपटी काळी व टोकदार. ती कोकण व सह्याद्रीच्या दमट भागाची रहिवासी आहे. जंगलाची कड, मोकळ्या जागेतील गवत, झाडीलगतची भातखाचरे येथे ती दिसते. आंबा परिसरात हिंडणाऱ्याने हिला विसरू नये.

पांढऱ्या कंठाची मनोली याच्या उलट कोरड्या, उघड्या माळाची. वाळूसारखा फिका रंग, पांढरा गळा, रुपेरी-करडी चोच आणि काळी टोकदार शेपटी. काटेरी झुडपे व पडीक रान तिला मानवते. तालुक्याच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या भागात ती अधिक दिसावी हे ओघाने आले.

पाचवी लाल मनोली. विणीच्या हंगामातील नर किरमिजी लाल असून त्यावर पांढरे ठिपके विखुरलेले असतात. मादी तपकिरी, मात्र तिची कंबर व चोच लाल आणि पंखांवर बारीक पांढरे ठिपके असतात. नदीकाठचे ओलसर गवत, लव्हाळी व उसाचे फड ही तिची आवडती स्थाने. पूर्वी हे पक्षी अहमदाबादहून परदेशी पाठविले जात. त्या शहराच्या नावाचा अपभ्रंश होऊन इंग्रजीतील ‘अवदवत’ हे तिचे नाव रूढ झाले आणि तिच्या शास्त्रीय नावातही तोच मागोवा आहे.

येथे एका सापळ्याची सूचना द्यावयास हवी. पांढऱ्या पाठीची आणि पांढऱ्या कंठाची या दोन्ही मनोलींची कंबर उडताना पांढरी चमकते. तेवढ्यावरून निर्णय घेतल्यास चूक संभवते. अशा वेळी अंगाचा रंग गडद की फिका, आणि जागा दमट झाडीची की उघड्या माळाची, हे दोन प्रश्न विचारल्यास उत्तर बहुधा मिळते.

वय, लिंग आणि ऋतू

रंग बदलण्याचे पहिले कारण वय. ठिपकेवाल्या मनोलीच्या पिलांना खवल्यांची नक्षी नसते. ती वरून तपकिरी व खालून फिकट पिवळसर असतात. काळ्या डोक्याच्या मनोलीच्या पिलांनाही काळे डोके नसते. तीही साधी तपकिरीच. पावसाळ्यात जन्मलेली पिले भातकापणीच्या सुमारास थव्यात मिसळतात. मातकट दिसणारे ते पक्षी निराळ्या जातीचे नव्हेत, ती यंदाची पिले होत. अशा एकट्या पिलाची जात ठरविणे कसलेल्या निरीक्षकासही अवघड जाते. त्याच्यासोबत कोणते प्रौढ पक्षी आहेत, हे पाहणे हाच उत्तम मार्ग. काही दिवसांनी याच पिलांत अर्धवट खवले किंवा अर्धवट काळे डोके दिसू लागते. ती संकरित जात नव्हे. जुनी पिसे जाऊन नवी येत असल्याचे ते चिन्ह होय.

दुसरे कारण लिंग. ठिपकेवाली, काळ्या डोक्याची, पांढऱ्या पाठीची व पांढऱ्या कंठाची या चारही जातींत नर-मादी दिसावयास सारखे असतात. गाणारा तो नर, एवढाच फरक दुरून कळतो. लाल मनोलीत मात्र नर-मादीतील भेद ठळक आहे.

तिसरे कारण ऋतू. याचे घरोघरी माहीत असलेले उदाहरण सुगरणीचे. पावसाळ्यात माथा व छाती पिवळी धमक असलेला नर हिवाळ्यात मादीसारखा, किंबहुना चिमणीसारखाच दिसतो. लाल मनोलीचेही तसेच आहे. विणीचा काळ संपला की नराची लाल पिसे झडतात आणि तो मादीसारखा तपकिरी होतो. मनोलींच्या कुळात ऋतूप्रमाणे असा पालट हे फारच विरळ वैशिष्ट्य आहे. तिच्या चोचीचा रंगही वर्षभर एकसारखा राहत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीस काळपट झालेली चोच पावसाळा जवळ येईल तशी पुन्हा लाल होऊ लागते.

चौथे कारण काहीसे वेगळे आहे. पीस एकदा पूर्ण वाढले की ते निर्जीव असते. त्यात नवा रंग भरला जात नाही. तरीही झिजेमुळे त्याचे रूप पालटते. घरचिमणीच्या नराच्या गळ्यावरील काळा डाग नव्या पिसांच्या फिकट टोकांखाली अर्धवट झाकलेला असतो. ती टोके झिजली की डाग उठून दिसतो. हिवाळ्यात महाराष्ट्रात ज्वारीच्या शिवारांत मोठ्या थव्याने उतरणाऱ्या काळ्या डोक्याच्या भारीट पक्ष्याचेही असेच आहे. आगमनाच्या वेळी मळकट वाटणारे त्याचे डोके परतीच्या वेळी, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमारास, काळे कुळकुळीत झालेले असते.

रंग येतो कोठून?

पिसांतील काळा, तपकिरी व विटकरी रंग मेलॅनिन या द्रव्याचा असतो. ते पक्ष्याच्या शरीरातच तयार होते. लाल व पिवळा रंग बहुतेक कॅरोटिनॉइड या द्रव्यांपासून येतो. ही द्रव्ये पक्ष्याला शरीरात तयार करता येत नाहीत. ती अन्नातून घ्यावी लागतात आणि मग शरीर त्यांचे रूपांतर करते. म्हणून लाल रंग हा पक्ष्याच्या आहाराचा एक प्रकारे दाखलाच असतो. पिंजऱ्यात कोंडलेल्या लाल पक्ष्यांचा रंग पुढच्या पीसबदलात फिका पडतो, आणि लाल मनोली काळवंडतेही, हा पक्षी पाळणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. पांढऱ्या रंगाला द्रव्य लागत नाही. पिसांच्या रचनेतून सर्व प्रकाश परावर्तित झाल्याने पीस पांढरे दिसते.

रंगद्रव्याच्या व्यवस्थेत जन्मतः दोष राहिला तर अपवादात्मक रंगाचे पक्षी निपजतात. मेलॅनिन मुळीच तयार न झाल्यास पक्षी पांढरा व डोळे गुलाबी होतात. काही पिसांपुरतेच रंगद्रव्य पोहोचले नाही तर पक्षी पांढऱ्या ठिपक्यांचा वा अर्धा पांढरा दिसतो, परंतु डोळे नेहमीसारखे राहतात. उलटपक्षी मेलॅनिन अधिक झाल्यास पक्षी काळपट दिसतो. असे पक्षी रानात फार टिकत नाहीत, कारण ते शिकाऱ्याच्या नजरेत चटकन भरतात.

माणसाने निवड केली तर हेच अपवाद नेहमीचे कसे होतात, याचा दाखला सह्याद्रीतील पांढऱ्या पाठीच्या मनोलीच्या कुटुंबातच आहे. या जातीचे पक्षी अठराव्या शतकात चीनमधून जपानमध्ये नेण्यात आले. पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात वाढवून तेथील लोकांनी पांढरे, बदामी व चितकबरे प्रकार तयार केले. जगभर ‘बेंगॉली फिंच’ किंवा ‘सोसायटी फिंच’ म्हणून विकला जाणारा पाळीव पक्षी तो हाच. रंगाबरोबर त्याचे गाणेही बदलले. रानातील पूर्वजापेक्षा त्याच्या गाण्याची रचना अधिक गुंतागुंतीची असल्याचे जपानी संशोधकांनी दाखवून दिले आहे. हा पाळीव पक्षी आणि आंब्याच्या जंगलाकडेला दिसणारी मनोली यांचे मूळ एक असले तरी कायद्याच्या दृष्टीने दोहोंत मोठा फरक आहे, हे ध्यानात ठेवावे.

डोंगरावरचा युवराज आणि हिवाळी पाहुणा

मनोलींखेरीज आणखी दोन पक्ष्यांची येथे नोंद घ्यावयास हवी. खडकाळ, गवताळ उतारांवर आढळणारा युवराज हा भारीट कुळातील पक्षी. नर काळा असून पंख व शेपटी विटकरी, आणि डोक्यावर डौलदार तुरा. मादी तपकिरी असली तरी तिलाही लहानसा तुरा असतोच. रंगाने न ओळखू येणारी मादी तुऱ्यावरून ओळखावी.

दुसरा गुलाबी चटक. हा खऱ्या फिंच कुळातील पक्षी उत्तरेकडील प्रदेशांतून हिवाळ्यापुरता दक्षिणेकडे येतो. आकाराने चिमणीएवढा; प्रौढ नराचे डोके, छाती व कंबर गुलाबी-लाल. मात्र पहिल्या वर्षीचा नर मादीसारखाच तपकिरी असतो. म्हणून थव्यात लाल पक्षी थोडे व तपकिरी अधिक दिसतात. आकाराकडे लक्ष दिले तर चटक आणि लाल मनोली यांची गल्लत होण्याचे कारण नाही.

रंगवलेले पक्षी

मनोलींचा व्यापार जुना व दूरवर पोहोचलेला आहे. पिंजऱ्यांतून निसटलेल्या वा सोडून दिलेल्या लाल मनोली आज स्पेन, फिजी, हवाई बेटे अशा दूरच्या प्रदेशांत स्थायिक झाल्या आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये अस्तित्वात आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन्य पक्ष्यांच्या व्यापाराला बंदी झाली. या पक्ष्यांना पकडणे, बाळगणे व विकणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. तरीही चोरटा व्यापार पूर्णपणे थांबलेला नाही.

या व्यापारातील एक क्लृप्ती म्हणजे रंगकाम. साध्या मनोलींना हिरवा, पिवळा, गुलाबी रंग देऊन त्या परदेशी पक्षी म्हणून खपविल्या जातात. मध्य व वायव्य भारतात आढळणारी हिरवी मनोली तर जगातूनच दुर्मीळ होत चालली आहे. इतर मनोलींना हिरवा रंग फासून तिच्या नावाने विकण्याचे प्रकारही घडलेले आहेत. बनावट रंग ओळखणे मात्र कठीण नाही. तो सर्वत्र सारखा बसत नाही. पिसांची टोके चिकटलेली दिसतात. चोचीवर व पायांवर डाग राहतात. पिसांच्या बुडाशी मूळचा तपकिरी रंग डोकावतो. शिवाय आकार, चोच व शेपटी ही मनोलीचीच राहते, कारण रंगाऱ्याला ती बदलता येत नाहीत. नवी पिसे आली की रंगही जातो. बहुतेक पक्षी तोवर जगत नाहीत, एवढेच.

पुण्यकर्म म्हणून बाजारातून पक्षी विकत घेऊन सोडण्याची प्रथाही काही ठिकाणी आहे. हेतू चांगला असला तरी विकला गेलेला प्रत्येक पक्षी पारध्याला पुढचा पक्षी पकडण्यास प्रवृत्त करतो. अशा वेळी वन विभागास कळविणे हाच खरा उपाय होय.

शेतकऱ्याची बाजूही येथे लक्षात घ्यावी लागेल. दाणा भरत असता मनोलींचे थवे भातावर उतरतात आणि काही नुकसान होते, हे खरे. परंतु वर्षाचा बराच काळ हे पक्षी रानगवताच्या बियांवर गुजराण करतात. ऐन मोसमातील थोड्या दिवसांपुरती राखण, चमकत्या फिती, डबे वाजविणे हे उपाय पुरेसे ठरतात. त्यासाठी जाळे लावण्याचे वा विष घालण्याचे कारण नाही. कायद्यालाही ते मान्य नाही.

पक्षी सप्ताहाचे निमित्त

महाराष्ट्रात २०२० पासून दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिन. शाहूवाडीच्या दृष्टीने हा सप्ताह सोयीच्या वेळी येतो. भातकापणी चालू असते वा नुकतीच संपलेली असते, मनोलींचे थवे शिवारात असतात, यंदाची पिले पिसे बदलीत असतात आणि हिवाळी पाहुणेही येऊ लागलेले असतात. रंगाचे सारे पालट एकाच बांधावरून पाहण्याची ही संधी असते.

तालुक्यातील शाळांनी याचा लाभ घ्यावा. त्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. एक वही व थोडा धीर पुरे. तारीख, गाव, शिवारातील पीक अथवा झाडी आणि थव्यातील अंदाजे संख्या यांची प्रथम नोंद करावी. मग प्रत्येक तऱ्हेच्या पक्ष्याची चोच, कंबर, शेपटी व पोट हे चार भाग पाहून लिहावेत आणि रंग सर्वांत शेवटी लिहावा. ओळख पटली नाही तर ‘मनोली, जात अनिश्चित’ एवढेच लिहावे. ओढूनताणून लिहिलेल्या नावापेक्षा ही नोंद अधिक मोलाची असते. अशी वही चार-पाच वर्षे चालली तर कोणती मनोली कोणत्या शिवारात वाढली, कोणती कमी झाली आणि कोणत्या महिन्यात लाल नर दिसू लागले, हे त्या गावालाच सांगता येईल. विक्रेत्याच्या पिंजऱ्यातील हिरवी-गुलाबी ‘परदेशी चिमणी’ ही आपल्याच बांधावरची मनोली आहे, हे ओळखणारे डोळेही त्यातूनच तयार होतील.